अकराची नोंद

शीड फडफडलं तसे सासरेबुवा दचकून उठले. बाराला वीस मिनिटं कमी होती. दहाला त्यांनी पाळी घेतली होती, सुकाणू दोरीनं बांधून टाकलं होतं आणि दोराच्या वेटोळ्यावर जरा गाल टेकला होता. जरा म्हणता म्हणता तास उलटला होता. मधे वारा फिरला आणि त्याच्यामागे बोटही गुमान किनाऱ्याकडे वळली होती.

त्यांनी घाईघाईनं बोट पुन्हा दक्षिणेला लावली. मग नोंदवही उघडली. अकराची ओळ कोरी होती. दर तासाला दिशा आणि वेग लिहायचा, हा नियम त्यांचाच. "वहीत थाप मारणाऱ्यानं बोटीवर पायच ठेवू नये," असं सुनेला त्यांनी पहिल्याच दिवशी सुनावलं होतं. त्यांनी खाली कानोसा घेतला आणि लिहिलं: अकरा. दिशा दक्षिण. वेग पाच. अक्षर अगदी झकास आलं.

आज परीक्षा होती, ती सुनेची. जागा दाखवणाऱ्या यंत्रावर सासरेबुवांनीच सकाळी टॉवेल टाकला होता. नुसत्या वहीवरून आणि कागदी नकाशावरून बंदर गाठलंस, तर पुढच्या महिन्यापासून बोट तुझी, एकटीनं ने कुठं न्यायची तिथं, असा शब्द दिला होता. या एका शब्दासाठी चार उन्हाळे ती दोर ओढून हात सोलून घेत होती.

बाराला सून वर आली. वही बघितली, नकाशावर रेघ ओढली, शिडाखालून वाकून पुढं पाहिलं आणि झेपावलीच सुकाणूवर. समोर खडक! पांढरा फेस उसळत होता, अगदी हाकेच्या अंतरावर. बोट कलंडली, खाली भांडी गडगडली. बोट भर समुद्राकडे निघाली तेव्हा कुठं दोघांच्या जिवात जीव आला.

"हे खडक डावीकडे दोन मैल लांब असायला हवे होते," सून नकाशावर पेन्सिल टेकवून म्हणाली. "बाबा, अकरापर्यंत दक्षिणच होती ना?"

"लिहिलंय की."

खालून तिच्या नवऱ्याचा आवाज आला. सकाळपासून तो बादली पोटाशी धरून बसला होता. "अगं, तुझंच चुकलं असेल. बाबांचं नाही चुकत कधी!"

आत्ता बोलावं, सासरेबुवांना वाटलं. डुलकी लागली, माणसाला लागते, त्यात काय एवढं! त्यांनी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते भलतंच.

"ओहोटीची ओढ हिशेबात धरायला विसरली असशील. नवशिक्यांचं होतं असं."

बोलून झालं आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली. चाळीस वर्षं समुद्रावर काढून शेवटी पोरीच्या माथ्यावर खापर फोडलं! बरं, आता बोललेलं गिळताही येईना.

सुनेनं पेन्सिल खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं.

"टॉवेल काढू का? यंत्रात सगळी वाट दिसते. दहापासूनची."

"काढलास की हरलीस," ते चटकन म्हणाले. "नियम म्हणजे नियम." त्यांचे कान तापले होते.

खाली बादली खडखडली. नवरा जिन्याला धरून उठत होता. "थांबा, मी येतो वर. बघू तरी काय गोंधळ घातलाय हिनं."

"बरं, हरले मी," सून म्हणाली.

तिनं टॉवेल ओढून काढला. पडद्याकडे ढुंकूनही न बघता तो सासरेबुवांच्या हातात दिला आणि खाली ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली,

"तो वर यायच्या आत गाल चोळून घ्या, बाबा. दोराचे पीळ उमटलेत."