न ओलांडलेली काठी

"टपावर टाका बावा ते काठी," कंडक्टर म्हणाला. "मोटरीत माणसं बसतात."

सोमाजीने काठी आणखीच घट्ट छातीशी धरली. चांगली लांबलचक, वेळूची गळाची काठी. अंगभर धानाचं तणीस गुंडाळलेली, त्यावर बायकोच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या, आणि बारीक शेंडा मोडू नये म्हणून तो पोकळ बांबूच्या नळीत घातलेला. एवढं तर कोणी नवरदेवालाही सजवत नाही.

"टपावर धानाचे पोते हायेत," सोमाजी म्हणाला. "एक पोतं घसरलं का शेंडा गेला."

"मंग खिडकीतून बाहेर काढा."

"मूल गावाच्या पुढं जंगल हाये, भाऊ. फांद्या काय पाहून लागतात?"

"मंग बाकांच्या मधात खाली ठेवा. नाई तं तुम्हीच खाली उतरा."

सोमाजीचा चेहरा पडला. खाली ठेवली तर काठी मोडणार नाही, हे खरं. पण येणारी-जाणारी माणसं ती ओलांडतील. आणि ओलांडलेल्या काठीला मासा लागत नाही, हे सावली गावाकडचं शेंबडं पोरगंही सांगेल. कंडक्टर पडला नागपूरचा, त्याच्या घरी मासा बाजारातून येत असणार. त्याला काय सांगावं?

बाजूच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. सुगंधाबाई तिचं नाव, चांद्याला घरी निघाली होती. तिने विचारलं, "कोणासाठी एवढा जीव टाकून राह्यले, भाऊ?"

"पोरीसाठी, बाई. कमळी माही. चिचपल्लीले देली हाये. सातवा लागला तिले. सासूनं चिंचा आणल्या, बोरं आणली, कोंबडं कापलं. पोरगी म्हणते, मले माह्या काठीनं मासा धरायचा हाये. जावई बिचारा नवी काठी घेऊन आला, तं रडत बसली."

"डोहाळा हाये तो. पुरवाच लागन. नाई तं लेकराचा कान फुटते."

"तेच तं!"

सुगंधाबाईचा आवाज असा, की ही गोष्ट ड्रायव्हरपर्यंत पोचली. मग ती जरा हळू बोलली. "माहं माहेर जिबगावचं. आमची बी मासे धराची बोडी होती, मोठं तळंच. आता तिथी कोणीच नाई."

सोमाजीने दुसऱ्या हातातलं पळसाच्या पानांचं पुडकं तिच्यापुढे केलं. "हे धरता का जरा?" लेकीसाठी काही गोडधोड असेल म्हणून तिने ते मांडीवर घेतलं आणि वर हात ठेवून बसली. सोमाजीने काठी अलगद खाली निजवली आणि शेंड्यापाशी स्वतःच बसकण मारली.

मूलच्या थांब्यावर माणसं चढली. पहिल्याच गड्याने पाय उचलला, तशी सुगंधाबाई कडाडली, "थांब! पोटुशी पोरीची काठी हाये ते!"

गडी एका पायावर थांबला. मग कोणीतरी बुंधा उचलला, कोणीतरी शेंडा, आणि गडी वाकून काठीखालून पलीकडे गेला. त्याच्यामागची बाई तशीच गेली. दर वेळी खाली ठेवा, वर उचला, हे कोण करणार? डाव्या बाकांवरच्यांनी मग काठी हातांतच धरून ठेवली. सोमाजीला कोणाला काही सांगावं लागलं नाही. त्याचे डोळे उगाच भरून आले.

"हा काय तमाशा हाये?" तिकिटं द्यायला कंडक्टर उठला. त्याने काठी हाताने दाबली आणि पाय वर उचलला. अख्खी मोटर त्याच्याकडे बघू लागली.

"तुम्हाले लेकरंबाळं असतीन नं, बापा?" सुगंधाबाईने विचारलं.

कंडक्टरने पाय खाली घेतला. खाली वाकला. वाकताना त्याची टोपी पडली, तीही कोणीतरी काठीखालूनच त्याला दिली.

जंगलात फांद्या खिडक्यांना घासत होत्या. सोमाजी प्रत्येक आवाजाला दचकून शेंड्याकडे बघायचा, शेंडा मात्र कोणाच्या ना कोणाच्या मुठीत सुखरूप होता.

चिचपल्लीच्या फाट्यावर कमळी पोटावरून पदर घेऊन उभी होती. काठी खिडकीतून बाहेर निघाली, या हातातून त्या हातात. "हळू! शेंडा सांभाळा, शेंडा!" हे कोण ओरडतंय म्हणून सोमाजीने वळून पाहिलं, तर तो कंडक्टर.

कमळीने नळी काढली. अंगठ्याने शेंडा वाकवून सोडला. तो सपकन सरळ झाला.

"टिकला," ती म्हणाली. मग बापाच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. "अन् ते?"

सोमाजीने कपाळावर हात मारला आणि खिडकीकडे धावला. सुगंधाबाईने पुडकं बाहेर दिलं. तिचे दोन्ही तळवे काळे झाले होते.

"काय हाये यात? ओलं लागून राह्यलं. लाडू समजून जपलं मी!"

"गांडुळं, बाई. आमच्या बोडीच्या चिखलातले."

मोटरभर हशा उठला. कमळीने तिथेच रस्त्यावर पानं उघडली. गांडुळांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ती काळी ओली माती नाकाशी नेली, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. काखेतली काठी घसरून रस्त्यावर पडली, तिला कळलं नाही. कोणी ओलांडायच्या आत सोमाजीने ती उचलली.

मोटर हलली. खिडकीत सुगंधाबाई लुगड्याला हात पुसणार होती, ती मध्येच थांबली. तिने तळवा नाकाशी नेला.

मोटर वळणाआड जाईपर्यंत सोमाजी बघत होता. तिने तो खाली घेतला नव्हता.