पहिली श्रोती

“संपली,” लेखक म्हणाला. मांडीवरचे कागद त्याने जुळवले आणि चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं. “कशी वाटली?”

पलंगाजवळच्या खुर्चीत ती उशीचा अभ्रा शिवत बसली होती. कथा फसली होती. एका घराला रोज सकाळी एक नवी खिडकी उगवते, इथवर ठीक होतं. पण त्या खिडक्यांचं पुढे काय होतं, हे लेखकालाच उमगलेलं दिसत नव्हतं. वाचताना तो सारखा दमत होता.

सकाळीच दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी तिला आणि मुलीला बाजूला घेतलं होतं. लेखकाचे आता फार दिवस उरले नाहीत, म्हणाले. त्याला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं मायलेकींनी तिथेच ठरवलं. अशक्तपणा आहे, टॉनिक दिलंय, एवढंच सांगायचं. डोळे पुसून झाल्यावर मुलगी म्हणाली होती, “आई, एकदा तरी बाबांना चांगलं म्हण गं. लोक दिवे चालू ठेवून त्यांना वाचतात, आणि घरात तू!”

ते तिला झोंबलं होतं, कारण ते खरं होतं. लग्न झालं तेव्हा नवरा भुताखेतांचं लिहितो याची तिला लाज वाटे. माहेरी कोणी विचारलं तर ‘छापखान्यात असतात’ म्हणून ती वेळ मारून नेई. तिचा धाकटा भाऊ तर त्याला तोंडावर ‘समंध भावोजी’ म्हणायचा आणि सगळ्यांबरोबर तीही हसायची. तरी प्रत्येक कथा त्याने आधी तिलाच वाचून दाखवली. तळ्याच्या तळातून हाका मारणारं गाव. गिऱ्हाईक उठून गेल्यावरही न्हाव्याच्या आरशात मागे राहणारे चेहरे. ऐकताना तिच्या अंगावर सर्रकन काटा यायचा. तोंडातून मात्र एकच निघायचं, “बरी आहे.” कौतुक केलं तर हा असलंच लिहीत राहील, चारचौघांत दाखवावी अशी कादंबरी कधी लिहायचा नाही, असं तिला वाटे. पुढे त्याच्या कथांवर प्रबंध झाले. तरुण लेखक घरी येऊन त्याच्या पाया पडू लागले. तेव्हा तर तिला अधिकच लाज वाटली. आता कोणत्या तोंडाने चांगलं म्हणायचं?

“अगं, काय विचारतोय मी?”

तिने सुई अभ्र्यात खोचली आणि छातीवर हात ठेवला. “अहो, काय हे! हातपाय गार पडले माझे. इतकं भयंकर तुम्ही आजवर काही लिहिलं नव्हतं. आता या घरात एकटीने वावरायचं कसं मी?”

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं. फार उशीर केला, पण एकदाचं देऊन टाकलं. त्याचा चेहरा खुलेल म्हणून ती पाहत राहिली.

लेखकाने चष्मा काढला. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला होता.

“खरी घाबरतेस ना, तेव्हा तू ‘बरी आहे’ म्हणतेस,” तो म्हणाला, “आणि आत जाऊन उगाच भांडी आदळतेस. कथा जमली की नाही, ते मी त्या आवाजावरून ओळखत आलो. जन्मभर.”

तिची मान खाली गेली. अभ्र्यावरची शिवण तिला दिसेनाशी झाली.

“आज जागची हलली नाहीस. वर कौतुकही केलंस.” त्याने तिचा हात हातात घेतला. “खरं सांग. डॉक्टर काय म्हणाले?”