माहेर निघालं

तुपात डिंक फुलला तसा शेवंताबाईंनी पदर खोचला. “अहो, मंगळवारची गाडी बघा. लेकीकडे निघते.”

“एकटी? हिमालयातलं आडगाव ते. बस थांबली की पुढं नुसती चढण. गुडघे बघ आपले!” अण्णा वैतागले.

“पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. रीत आहे.”

“अगं, डॉक्टरांनी पोरीला प्रवास नको सांगितलाय. ती येणार कशी?”

“तिला येता येत नाही ना? मग माहेरच उठून डोंगर चढेल.” हात पोळत होते, तरी शेवंताबाईंनी लाडू वळले. जुन्या लुगड्याचं दुपटं पिशवीत नीट बसवलं.

अण्णा उठले. माळ्यावरची कानटोपी काढली, झटकली आणि दुपट्याशेजारी ठेवली.

“ही कोणाला?”

“मला. माहेर काय एकट्या आईचं असतं?”