पाइपातली शिट्टी

प्लंबर पेचकसाचं टोक पाइपला लावायचा आणि मूठ कानाला. पाणी कुठे अडलंय ते त्याला नेमकं ऐकू यायचं. हृदयाची तीच रक्तवाहिनी तिसऱ्यांदा उघडून घेऊन तो नुकताच कामावर परतला होता. "जुन्या स्टेंटच्या आतच मांस वाढतं आणि वाट पुन्हा अरुंद होते," डॉक्टर म्हणाले होते. "जरा खुट्ट झालं की या." "आम्ही निदान वर्षाची गॅरंटी देतो," तो हसून म्हणाला होता. आज एका स्वयंपाकघरात नळाची धार बारीक झाली होती. सिंकखालच्या पाइपला पेचकस टेकवताच शिट्टी ऐकू आली. "सापडलं, वहिनी. इथेच अडलंय." वहिनी दारातच थबकल्या. "पण पाणी वाहतंय कुठे? तुम्ही आलात तेव्हाच मी टाकीचा कॉक बंद केलाय." त्याने पेचकस खाली ठेवला. दोन्ही कान तळव्यांनी दाबले. शिट्टी आणखी जवळ आली.