शेवटच्या पानावरची होडी

"सुगंधाबाय, ह्यां पुस्तक आज वाचा नको," दाजींनी वाचनालयाच्या दारातच तिला अडवलं.

आत चटईवर पोरांचा नुसता बाजार भरला होता. शाळेचं तोंडही न पाहिलेली पोरं ती. दर शनिवारी सुगंधा त्यांना गोष्ट वाचून दाखवायची, आणि जाताना प्रत्येकाच्या हातात एक चित्रांचं पुस्तक द्यायची. घरच्या म्हाताऱ्यांना तिचं एकच सांगणं होतं: अक्षरं येत नसली तरी बिघडत नाही, चित्रं बघून सांगा, पोरांच्या कानांवर शब्द पडू देत. अक्षरओळख नसलेल्या, जन्मभर रापणीचं जाळं ओढलेल्या दाजींनी तिचं म्हणणं गाठीला बांधलं होतं.

"कित्या ओ दाजीनू? काय झालां?"

नातीने गेल्या शनिवारी घरी नेलेल्या त्या पुस्तकाचं शेवटचं पान दाजींनी उघडलं. किनाऱ्याला लागलेली एक निळी होडी. होडीत कोणी नाही.

"हय मी धनेशाक परत हाडलंय," ते पुटपुटले. "तेजून इचारल्यान, आजो, बाबा खंय दिसणा नाय तो? मी सांगलंय, वाकलो हा गो, जाळां आवरता, म्हणान दिसणा नाय. आता तू खरां वाचलंस तर माझां काय?"

धनेश त्यांचा एकुलता एक मुलगा. वादळात गेलेली होडी परत आली, धनेश आला नाही. त्याच्या लेकीला, तेजस्वीला, ते सांगायला घरात कुणाचीच जीभ रेटत नव्हती. आणि इथे हे म्हातारं माणूस एका चित्राच्या आधाराने दिवस ढकलत होतं. सुगंधा काही बोलणार, तोवर तेजस्वी आतून धावत आली आणि आजोबांच्या हातातलं पुस्तक ओढून तिने सुगंधापुढे धरलं.

"आज ह्यांच वाच."

पोरांनी गलका केला. आता नाही म्हणायची सोय राहिली नाही. दाजी दाराबाहेर जाऊन, आत पाठ करून, समुद्राकडे तोंड करून उभे राहिले.

सुगंधाची वाचायची रीत देवळातल्या गाऱ्हाण्यासारखी; गुरव देवाकडे मागणं मागतो आणि गाव होकार भरतो, तशी. पान संपलं की ती थांबायची आणि पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची, "व्हय म्हाराजा!" गोष्ट होती होडीतून फिरायला निघालेल्या एका खेकड्याची. खेकडा निघाला, व्हय म्हाराजा! लाट आली, व्हय म्हाराजा! बोलबोलता शेवटचं पान आलं.

पानावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'खेकडा वाळूत गेला. रिकामी होडी डुलत राहिली.' वाचताना बोट अक्षराखाली, आणि तोंडात तेच अक्षर, हा सुगंधाचा स्वतःचा नियम. तो मोडला म्हणून तिने शिकलेल्या आयांनाही सुनावलं होतं. तिचं बोट पहिल्या शब्दाखाली गेलं.

"खेकडा वाळूत गेला," ती म्हणाली. बोट 'रिकामी'खाली आलं; तिने दाराबाहेरच्या दाजींच्या पाठीकडे पाहिलं. "आणि होडीत बाबा वाकून जाळं आवरत होते. म्हणून ते दिसत नव्हते."

"व्हय म्हाराजा!"

तेजस्वी मात्र सुगंधाच्या बोटाकडे बघत होती.

पोरं पांगली तशी ती हळूच जवळ आली. दाराकडे एकदा बघून तिने सुगंधाच्या कानाला तोंड लावलं.

"ताई, तू पण आजयासारख्यांच वाचलंस."

"म्हणजे गो?"

"आई वाचता तेवा होडी रिकामी आसता."

सुगंधाने पोरीच्या पाठीवरून हात फिरवला.

"आजयाक सांगा नको," तेजस्वी म्हणाली. "तो रडता."

मग तेच पुस्तक पुन्हा मागून घेऊन ती बाहेर पायरीवर गेली. दाजींना तिने हाताला धरून खाली बसवलं.

"आजो, ताईन पण तसांच वाचल्यान."

दाजींच्या तोंडावर कळा आली. त्यांनी आत सुगंधाकडे बघून दोन्ही हात जोडले. तिला त्यांच्याकडे बघवलं नाही.

तेजस्वीने शेवटचं पान उघडलं. दोऱ्या ओढून ओढून घट्टे पडलेलं आजोबांचं बोट तिने आपल्या मुठीत धरलं आणि 'रिकामी'च्या खाली नीट नेऊन ठेवलं.

"आता तू वाच."

"तुझो बाबा होडयेत वाकलो हा," दाजी वाचू लागले. "जाळां आवरता. आवरून झालां काय उठतलो, आणि तुका हाक मारतलो."

तेजस्वीने डोकं त्यांच्या दंडाला टेकवलं.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.