मैयाचा आवाज

नर्मदा परिक्रमेत थोरल्या जाऊबाईंना साक्षात मैया दिसली होती म्हणे, पाण्यावर, हिरव्या लुगड्यात. तेव्हापासून सारी मंडळी त्यांच्या पाया पडायची. कुमुदच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. टाचा तिच्याही फुटल्या होत्या!

"पुण्याई लागते गं," जाऊबाई वर म्हणायच्या.

आजही ते ऐकून कुमुद फणकाऱ्याने पुढे निघाली. वाटेत मागे पडलेले एक आंधळे बाबा चिखलात रुतले होते. "दिसत नाही तर घरी बसावं माणसानं!" असं खेकसत तिने त्यांना ओढून काढलं, वाटेवर आणून सोडलं आणि तरातरा चालू पडली.

संध्याकाळी आश्रमात तेच बाबा हात जोडून सांगत होते, "आज मैया आली. आईसारखी खेकसली माझ्यावर! तो आवाज अजून कानात आहे."

मंडळी गहिवरली. 'अहो, ती मी!' कुमुदच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात जाऊबाईंनी डोळे पुसले. "भाग्यवान हो! मला मेलीला तो आवाज कधी ऐकायला मिळायचा?"

वीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढलेल्या जाऊबाई!

कुमुदने बाबांच्या उजळलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पदराने तोंड घट्ट दाबून धरलं. एक शब्द बोलली असती, तरी त्यांनी आवाज ओळखला असता.