मास्तरांच्या चिठ्ठ्या

"मास्तरांच्या आणखी चार दे," रहिमचाचा म्हणाले.

झुबेरनं कात्री खाली ठेवली. "चाचा, मास्तर पडणार. आपल्याकडच्या कुठल्या दगडाला विचारा, तो पण सांगेल."

"दगडाला मत नसतं. तू चिठ्ठ्या काप."

बहारीनमधल्या तुबलीच्या त्या गॅरेजमागच्या खोलीत सातजण राहत. सगळे रत्नागिरीकडचे, एकाच मतदारसंघातले. विधानसभेला तिथून आमदारसाहेब पाच वेळा निवडून आलेले. या खेपेला त्यांच्यासमोर एक निवृत्त मास्तर शिलाई मशीन ही निशाणी घेऊन उभे होते. पैशाची पैज हराम, म्हणून झुबेरनं स्वयंपाकाच्या बारीची पैज काढली होती. भाव दाराच्या मागं खडूनं लिहिलेला असे. मास्तर जिंकले तर त्यांच्या एका चिठ्ठीला सहा दिवस चुलीपासून सुट्टी, आणि ती चूल झुबेरकडं. पडले तर एका चिठ्ठीमागं एक दिवस दुसऱ्याच्या वाटची चूल. एवढा भाव देऊनही मास्तरांना कोणी हात लावीना. मग रहिमचाचा पुढं झाले.

झुबेरला तर ते देवासारखे भेटले. त्याची बारी दर शुक्रवारी, आणि ड्रायव्हिंग शिकवणारा उस्ताद मोकळा तोही फक्त शुक्रवारी. परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता. मे महिन्यापर्यंत लायसन आलं नाही, तर बंद पडलेल्या गाड्या ओढून आणणारी गॅरेजची रिकव्हरी गाडी दुसऱ्याला मिळणार होती आणि झुबेरचा जन्म गाड्यांच्या पोटाखालीच जाणार होता.

तरी मनात कुठंतरी खुपत होतं. चाचा साठीला टेकलेले. त्यांचं नाव बारीत नव्हतंच. वडील माणसानं पोरांना रांधून घालावं, हे खोलीला शोभण्यासारखं नव्हतं. दोनदा त्यांनी कांदे चिरायला घेतले होते, दोन्ही वेळा खोलीतल्या ओवैसनं सुरी काढून घेतली होती.

"तुमाला बारीच नाय," झुबेर म्हणाला. "जिंकून करणार काय?"

"हौस असते माणसाला."

चाचा रोज चिठ्ठ्या घेत राहिले. दारामागचा भाव सहावरून चारवर आला, चारवरून दोनवर. मग ओवैसला शंका आली. "चाचांना गावाहून पत्र आलंय. आत काहीतरी शिजतंय," असं म्हणत त्यानं मास्तरांच्या दोन चिठ्ठ्या घेतल्या.

चाचांचं तोंड उतरलं. "तू कशाला रे मधे पडतोस? तुझं घराणं साहेबांचं ना?"

भाव पडला म्हणून चाचांना वाईट वाटलं, असं झुबेरनं धरलं. त्याची स्वतःची झोप मात्र उडाली. मास्तर खरंच आले, तर चाचा आपल्या सुट्ट्या पोरांत वाटणार आणि पावसाळ्यापर्यंत सगळ्यांच्या बाऱ्या त्याच्याच गळ्यात. त्याची डाळ अशी व्हायची की डाळ एकीकडं आणि पाणी दुसरीकडं. ओवैसचा भात खाली करपायचा आणि वर कच्चा राहायचा. रमजानचा महिना मशिदीतल्या इफ्तारवर बरा गेला होता. ईद झाली आणि पुन्हा तीच डाळ, तोच भात.

मोजणीच्या दिवशी दुपारी झुबेर टेलिफोन बूथवरून गावी फोन करून आला. तोंड पांढरं पडलेलं.

"पहिली फेरी झाली. मास्तर नऊशेनं पुढं."

ओवैसनं टाळी वाजवली. चाचा मात्र एका जुन्या टायरवर मटकन बसले. कपाळावर घाम आलेला.

"नीट ऐकलंस तू?" त्यांनी विचारलं.

"दोनदा विचारलं."

"परत लाव फोन."

आनंदानं म्हाताऱ्याचं काही बरंवाईट होतंय की काय, म्हणून झुबेरनं त्यांना पाणी दिलं. चाचांनी ते हातातच धरून ठेवलं. तासाभरानं त्यांनी त्याला पुन्हा बूथवर पिटाळलं, मग आणखी एकदा. पहिल्या फेरीत मास्तरांचं स्वतःचं गाव होतं, एवढंच. संध्याकाळी निकाल लागला. साहेब बावीस हजारांनी आले.

चाचांनी एक लांब श्वास सोडला. "खलास," ते म्हणाले आणि ग्लासातलं पाणी एका दमात प्याले.

त्यांच्या नावावर एकतीस चिठ्ठ्या निघाल्या. एकतीस दिवस चूल. खोलीत कोणी हसेना. झुबेरचे सगळे शुक्रवार सुटले होते, तरी त्याला मान वर करवेना.

"चाचा, मस्करी होती ती," तो म्हणाला. "तुमी नका करू. आमी बघतो."

चाचा एकदम ताठ झाले. एवढ्या वर्षांत त्यांचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता. "हरलो तो हरलो. माझा शब्द म्हणजे काय मस्करी हाय? आणि ओवैसच्या दोन बाऱ्या पण माझ्यात घाल. तो माझ्यामुळं बुडला."

ओवैसच्या डोळ्यांत पाणी आलं. असा दिलदार माणूस त्यानं पाहिला नव्हता.

शुक्रवारी झुबेर क्लासवरून घरी आला, तर वास गॅरेजच्या फाटकापर्यंत आलेला. हामूर माशाचं कालवण, तिरफळं घातलेलं. तांदळाच्या भाकऱ्या, फुगलेल्या, एकावर एक. सातजण जेवायला बसले. भाकऱ्यांची चळत बघता बघता अर्धी झाली.

"चाचा, हे शिकलात कुठं?" शेवटी झुबेरनं विचारलं.

"सोळा वर्षं जहाजावर रांधायला होतो, भंडारी म्हणून. कप्तान माझ्या हातचं सोडून दुसऱ्याचं खात नव्हता. तुमी कधी विचारलंत नाय, नि मला चुलीजवळ उभं करून घेतलंत नाय."

चाचांनी स्वतःच्या ताटात माशाचा मधला तुकडा घेतला, त्यावर कालवण ओतलं, बोटं चाटली आणि समाधानानं झुबेरकडं वळले.

"पुढल्या वर्षी लोकसभा हाय ना? आपल्याकडनं नक्की पडणारा कोण, ते आतापासून बघून ठेव."